अंगाईतले मराठे

मुलगा शाळेतून आला तो पाठीवरचे दप्तरही न उतरवता माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, आपण लुटारू होतो का?"

१९९७ सालातली ही गोष्ट. बँकेने माझी बदली तेव्हा कलकत्त्याला केली होती. (शहराचे नाव कोलकाता व्हायला अजून चार वर्षे होती.) बँकेतल्या माणसाला शनीच्या साडेसातीपेक्षा बदलीच्या कागदाचे भय अधिक. नागपूरच्या महालात पिढ्यान् पिढ्या मुरलेले आमचे बिऱ्हाड भवानीपूरच्या एका जुन्या दुमजली घरात, वरच्या मजल्यावर जाऊन पडले. मुलगा आठवीत. त्याला एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. वर्गात तो एकटाच मराठी.

त्या दिवशी शनिवार होता. बँका तेव्हा शनिवारी अर्धा दिवस चालत, म्हणून मी घरी सापडलो. शर्टाचे एक बटण तुटलेले, कोपर खरचटलेले आणि डायरीत शेरा : पालकांनी येऊन भेटावे. हळूहळू हकीगत बाहेर आली. इतिहासाच्या तासाला अलिवर्दीखानाचा धडा होता. सरांनी बंगालवर आलेल्या 'बर्गीं'ची माहिती सांगितली, गावे कशी जाळली, माणसे कशी पळाली ते सांगितले आणि बर्गी म्हणजे मराठे, असेही सांगितले. पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळून म्हणाला, "मग तू तर बर्गी!" सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत हाणामारी झाली.

चौथीत ज्याने शिवछत्रपतींचे पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ केले होते, अफझलखानाचा प्रसंग ज्याने गॅदरिंगमध्ये म्हणून दाखवून कंपासपेटी मिळवली होती, त्या पोराने हा प्रश्न मला विचारला. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. घरात पुस्तकांची चार कपाटे. पण खरे सांगायचे तर मला उत्तर माहीत नव्हते. 'बर्गी' हा शब्दच मी पहिल्यांदा ऐकत होतो. महालात आमच्या घरापासून भोसल्यांचा वाडा हाकेच्या अंतरावर. रघूजीराजांनी बंगालपर्यंत धडक मारली, एवढे आम्हाला ठाऊक आणि त्या 'धडक' शब्दाने छाती कशी भरून येते तेही ठाऊक. धडक ज्याला बसली त्याचे काय झाले, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

उत्तर माहीत नसले की माणूस चिडतो. मी चिडलो. टेबलाशी बसून मुख्याध्यापकांना इंग्रजीत एक खरमरीत पत्र लिहायला घेतले. बँकेत तीन तपे पत्रे लिहिलेल्या माणसाचा हात अशा वेळी फार चालतो. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मी 'राष्ट्रीय एकात्मते'वर येऊन पोचलो होतो. पत्नी मागून वाचत होती. ती म्हणाली, "अहो, पत्र नंतर पाठवा. आधी झालं होतं का तसं, ते तरी बघा."

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या माशीमा वर आल्या. त्या सत्तरीच्या असाव्यात. जिन्यावरून सगळे ऐकले होतेच. त्या हसल्या आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अरे, बर्गी तर आमच्या घरातले. माझ्या आईने मला त्यांच्या नावाने झोपवले, मी माझ्या पोरांना झोपवले." आणि पलंगाच्या काठावर बसून त्यांनी ती अंगाई म्हणून दाखवली. बंगालमध्ये ती माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. मुलाचा डोळा लागतो, गाव निजते आणि बर्गी देशात येतात. पुढे काळजी आहे ती वसुलीची : पीक पाखरांनी खाल्ले, आता यांना द्यायचे कुठून? चाल इतकी गोड की अर्थ कळेपर्यंत माझ्याही डोळ्यांवर झापड आली. अर्थ कळला आणि ती उडाली. त्या वेळी माझ्याकडे शाखेतल्या थकीत कर्जांचे काम होते. म्हणजे मी मराठा होतो आणि वसुलीलाच आलो होतो. माशीमांना हे सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मुलगा मात्र हसला नाही.

पुढचे काही शनिवार मी अलीपूरच्या नॅशनल लायब्ररीत काढले. तिथे जे वाचले ते थोडक्यात असे. १७४० साली सर्फराजखानाला लढाईत मारून अलिवर्दीखान बंगालचा नबाब झाला. बंगाल, बिहार, ओरिसा मिळून तेव्हा हिंदुस्थानातला फार श्रीमंत सुभा. या मुलखाच्या चौथाईवर नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी दावा सांगितला. १७४२ साली त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन बंगालमध्ये शिरले. नबाबाचा शत्रू झालेला मीर हबीब त्यांना मिळाला आणि त्याने वाटा दाखवल्या. मुर्शिदाबादेत जगतशेठची कोठी लुटली गेली. गंगेच्या पश्चिमेचा मुलूख पेटला. पुढची दहा वर्षे, १७५१ पर्यंत, हे पुन्हा पुन्हा होत राहिले.

'बर्गी' हा आपलाच शब्द. मराठी फौजेत शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येई. ज्याला ते सरकारातून मिळे तो बारगीर. बारगीर म्हणजे पगारी घोडेस्वार. आपल्याकडे शब्दकोशात पडून राहिलेला हा साधा नोकरीतला शब्द बंगालात जाऊन पाळण्यावर टांगला गेला.

गंगाराम नावाच्या कवीची एक बंगाली पोथी आहे, 'महाराष्ट्र पुराण' नावाची. नाव वाचून मी आनंदाने मागवली. तिच्या हस्तलिखितावरचा काळ १७५१ चा, म्हणजे सगळे डोळ्यांदेखत घडत असतानाचा. बंगाली मला अक्षरओळखीपुरते येत होते. वाचनालयातल्या एका सज्जनांनी सोबत बसून अर्थ सांगितला. त्यात पळणाऱ्या माणसांची मोठी यादी आहे. पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन पळतात, गरोदर बायका पळतात. कशासाठी पळता, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही, दुसरे पळताहेत म्हणून तेही पळतात. पुढे बायकांवर काय गुदरले तेही त्याने लिहिले आहे. अर्थ सांगणारे सज्जन त्या जागी थांबले, माझ्याकडे बघून पान उलटले. हा कवी मराठ्यांचा वैरी म्हणून मुद्दाम रंगवून लिहीत असेल, अशी पळवाट मी शोधून पाहिली. पण वर्धमानच्या राजाचे सभापंडित वाणेश्वर विद्यालंकार यांनी त्याच सुमारास संस्कृतात लिहिले, तेही निराळे नाही.

आणखी दोन गोष्टींनी मला चकित केले. १७४२ च्या आश्विनात भास्कररामांनी काटव्याजवळच्या छावणीत थाटाने दुर्गापूजा मांडली होती. जिला बंगाली माणूस आई म्हणतो, तिचीच. ती चालू असतानाच अलिवर्दीने रात्री नदी ओलांडून छापा घातला आणि पूजा अर्धी टाकून मराठ्यांना निघावे लागले. दुसरी गोष्ट १७४३ ची. रघूजी पुन्हा बंगालवर चालून आले तेव्हा त्यांना हुसकायला कोण यावे? तर बाळाजी बाजीराव पेशवे! बादशहाच्या सांगण्यावरून ते फौजेसह आले आणि त्या मदतीबद्दल अलिवर्दीने त्यांना बावीस लाख रुपये मोजले. शेवटी साताऱ्यात शाहूमहाराजांनी मध्यस्थी करून दोघांच्या हद्दी वाटून दिल्या. लूट करणारेही आपले आणि तिच्यापासून वाचवायचे पैसे घेणारेही आपले. बंगाली शेतकऱ्याने यांतला फरक कसा ओळखावा?

आणि तरीही हिशेब एकतर्फी नाही. १७४४ च्या मार्चअखेर अलिवर्दीने तहाची बोलणी करायची म्हणून भास्कररामांना आणि त्यांच्या वीसएक सरदारांना मानकऱ्याच्या तंबूत बोलावले आणि कनाती सोडून सगळ्यांना कापून काढले. ज्या मुलाने प्रतापगडचा तंबू रंगवून सांगितला होता, त्याला मी हा तंबू कसा सांगणार होतो?

एवढे सगळे डोक्यात घेऊन मी शाळेत गेलो. खरमरीत पत्र खिशातच राहिले होते. इतिहासाचे सर निवृत्तीला आलेले होते. धोतर, जाड चष्मा, खडूने पांढरी झालेली बोटे. त्यांनी पहिल्याच वाक्याला माफी मागितली, पण धड्याबद्दल नव्हे. "वर्ग हसला तेव्हा मी त्याला थांबवायला हवे होते, ते राहिले," ते म्हणाले. "पण जे शिकवले ते पुन्हा शिकवीन. न शिकवून कसे चालेल?" मी म्हणालो, तेरा-चौदा वर्षांच्या पोराला हे झेपेल का? त्यावर ते म्हणाले, याच वयात झेपते. लहानपणी गोष्ट लागते आणि मोठेपणी माणूस आपल्या गोष्टीला सोडायला तयार नसतो. मधली ही तीन-चार वर्षेच काय ती आहेत.

मग त्यांनी जे केले ते मला आजही आठवते. भांडलेल्या दोघांना त्यांनी एकेक काम दिले. बंगाली मुलाने मानकऱ्याच्या तंबूत काय झाले ते शोधून वर्गात सांगायचे. माझ्या मुलाने गंगारामाने काय लिहिले ते सांगायचे. ज्याने त्याने आपल्या बाजूचे उणे काढून आणायचे, दुसऱ्याच्या नव्हे. मुलगा घरी येऊन म्हणाला, "मी नाही करणार." दोन दिवस जेवणाच्या ताटावर धुसफुस चालली. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "शिवाजी महाराजांच्या वेळीही असंच होतं का?" तो प्रश्न त्याचा त्याला सुचला होता. मी त्याला चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेल्या पत्राची गोष्ट सांगितली. दाणा-वैरण रयतेकडून ओरबाडू नका, बाजारातून विकत आणा. दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गंज पेटतील, इतक्या बारीक गोष्टीची त्यात काळजी आहे. महाराज गेले १६८० मध्ये. बर्गी बंगालात शिरले १७४२ मध्ये. मधली बासष्ट वर्षे. भाषा तीच, घोडी तीच, झेंडाही तोच. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मराठे एकच नव्हते." मी म्हणालो, "बंगालीही एकच नसतील."

ते वाक्य मी सहज बोलून गेलो, पण सरांनी ते खरे करून दाखवले. दोघांचे सांगून झाल्यावर त्यांनी वर्गाला विचारले, शिवाजीवर बंगालीत कविता कोणी लिहिली? कुणालाच येईना. १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात पुढे होते सखाराम गणेश देउस्कर. मूळ मराठी घराण्यातले, देवघरकडे जन्मलेले आणि आयुष्यभर बंगालीत लिहिलेले. इंग्रजांनी देशाची लूट कशी केली हे आकड्यांनिशी सांगणारे त्यांचे 'देशेर कथा' १९०४ मध्ये निघाले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालला लुटीचा हिशेब बंगालीत मांडून दिला तो एका मराठी माणसाने! १९०६ मध्ये लोकमान्य टिळक स्वतः कलकत्त्याच्या उत्सवाला गेले होते. ज्या घरांत रात्री बर्गींची अंगाई म्हटली जात होती, त्याच घरांतले तरुण दिवसा शिवाजीचा जयजयकार करत होते.

इतिहासकारांचेही तेच. 'शिवाजी अँड हिज टाइम्स' हा ग्रंथ १९१९ मध्ये लिहिणारे यदुनाथ सरकार बंगाली. बर्गींच्या स्वाऱ्यांचे वर्णन हातचे न राखता करणारेही तेच. पुण्यातल्या पुष्कळांना ते रुचले नाहीत. पण रियासतकार सरदेसायांची आणि त्यांची मैत्री जन्मभर टिकली. कामशेतला सरदेसायांच्या घरी यदुनाथ येऊन राहत. दोघांची मते जुळत असत असे नाही, पण कागद मात्र दोघे एकाच टेबलावर ठेवून वाचत.

एका रविवारी मी त्या दोन्ही मुलांना घेऊन बागबाजारला गेलो. तिथे 'मराठा डिच लेन' नावाची एक गल्ली आहे. बर्गी येणार या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी कंपनीच्या परवानगीने शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला होता. तीनएक मैल खणून झाला, बर्गी काही आले नाहीत आणि काम तसेच राहिले. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. सियालदाजवळच्या माझ्या शाखेत मी रोज ज्या बसने जात असे, तिचा रस्ता आमच्याच भीतीने खणलेल्या खड्ड्यावरून जात होता. गल्लीत बघण्यासारखे काही नाही. पत्र्याची एक पाटी, एक पाण्याचा नळ, नळावर भांडण. मुले निराश झाली. मग रसगुल्ले खाल्ले, तेव्हा सावरली.

पूजेच्या सुट्टीत आम्ही पुरीला गेलो. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर काळ्या दगडाचा उंच, एकसंध अरुणस्तंभ आहे. पंड्याने सांगितले, हा कोणार्कहून आणला तो मराठ्यांच्या अमलात. १७५१ च्या तहात अलिवर्दीने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली आणि ओरिसा भोसल्यांच्या हाती गेला, तो १८०३ पर्यंत. त्या बावन्न वर्षांत मंदिराची व्यवस्था नागपूरकरांनी पाहिली. पंडा 'मराठा' शब्द उच्चारताना आदराने बोलत होता. मुलाने माझ्याकडे चमकून पाहिले. अर्थात ओरिसातल्या शेतकऱ्याला सारा भरताना काय वाटत होते, ते पंड्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

परतताना भुवनेश्वरजवळ धौलीला थांबलो. कलिंगाचे युद्ध इथलेच मानतात. अशोकाचा शिलालेख पाहिला. लाखाच्या वर माणसे मेली, त्याबद्दल मला पश्चात्ताप होतो, असे अशोकाने ज्या लेखात कोरवले तो त्याचा तेरावा लेख. तो दूर वायव्येला शाहबाजगढीला आहे, मानसेहराला आहे. धौलीला नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्या दारात त्याने तो लावलाच नाही, तिथे प्रजा म्हणजे माझी लेकरे अशा अर्थाचे वेगळे लेख कोरवले. संकोच असेल, मुत्सद्देगिरी असेल. पण पाठ्यपुस्तकातला कोणता धडा कोणत्या गावी लावायचा, हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षांचा जुना आहे, हे मला त्या दगडापुढे उभे राहून कळले.

आज आम्ही दोघे पुण्याला मुलाकडे असतो. नात यंदा दहावीत आहे. तिचे इतिहासाचे पुस्तक २०१८ मध्ये आलेले. पुस्तक चाळताना मी हरखलो. इतिहास लिहितात कसा, इथपासून सुरुवात. पुढे कला, वर्तमानपत्रे, नाटक-सिनेमा, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्याचे जतन. आमच्या वेळी सनावळ्या आणि तहाची कलमे यांपलीकडे काही नव्हते. एखाद्या साधनावर कितपत विश्वास ठेवावा, हे पंधराव्या वर्षी शिकवायला घेतले ही मोठीच गोष्ट. पण इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून पेपर चाळीस गुणांचा. नातीने गाईड उघडून दाखवले : 'संकल्पनाचित्र पूर्ण करा', 'कारणे द्या'. उत्तरे तयार. "आबा, एवढंच येतं," ती म्हणाली. साधने तपासायला शिकवणाऱ्या धड्याची उत्तरेही पाठ करायची! आणि गाईड मिटले की मोबाइल उघडतो. तिथे इतिहास चोवीस तास चालू. अर्ध्या मिनिटाचा, ढोल-ताशांसह, आणि प्रत्येक वेळी आपण जिंकलेलो.

तिच्या सातवीच्या पुस्तकात रघूजी आहेत. चौथाई आहे, ओडिशा आहे, काही वाक्यांत. अंगाई नाही. ती असायलाच हवी असा माझा हट्ट नाही. महाराष्ट्राच्या पुस्तकाने महाराष्ट्राची गोष्ट आधी सांगावी, हे रास्तच. तमिळ मुलाने गंगेपर्यंत फौज नेणाऱ्या राजेंद्र चोळाचा अभिमान धरावा, असमिया मुलाने सराईघाटच्या लाचित बडफुकनाचा. पण आम्ही बँकवाले जाणतो की एकाच व्यवहाराची नोंद दोन खात्यांत होते. एकाकडे जमा तर दुसऱ्याकडे नावे. राजेंद्राची फौज गंगेकडे गेली तेव्हा वाटेत बंगालचा पाल राजा महीपाल होता. सराईघाटला हरली ती मोगलांची फौज आणि तिचा सेनापती होता अंबरचा राजपूत, राजा रामसिंह. प्रत्येक राज्यातले मूल फक्त जमेची बाजू पाठ करून अठरा वर्षांचे होते आणि मग नोकरीनिमित्त दुसऱ्याच्या राज्यात जाऊन पडते. तिथे त्याला नावे बाजू पहिल्यांदा कळते ती शाळेत नव्हे, भांडणात. माझे काही मराठी स्नेही तेव्हा मला म्हणाले होते, असले पोरांना सांगू नये, पोरे खचतात. माझा अनुभव असा की पोरे खचत नाहीत, चिडतात. चिडलेल्या मुलाला हातात कागद दिला तर तो वाचतो. खचतो तो बाप.

लोकांच्या आठवणीला तर पाठ्यपुस्तक लागतच नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत निघते. ती भोसल्यांच्या घराण्यातली बाकाबाई, इंग्रजांना मिळाली म्हणून तिची धिंड, असे जुनी माणसे सांगत. मी लहानपणी त्या मिरवणुकीत ओरडत नाचलो आहे. म्हणजे भोसल्यांच्या नगरीतच भोसल्यांच्या राणीवर लोकांनी आपला शेरा मारून ठेवला होता आणि वाड्याचा अभिमानही सोडला नव्हता. दोन्ही एकाच रस्त्यावरून जात.

नातीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांत प्रतिज्ञा आहे. आपण सगळ्यांनीच ती हात पुढे करून म्हटली आहे. तिच्यात देशातल्या विविध परंपरांचा अभिमान बाळगू असे आपण कबूल करतो. ती कोणी लिहिली, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. त्यांनी १९६२ मध्ये ती तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. आपली प्रतिज्ञा सगळा देश म्हणतो, हे त्यांना नात पुस्तकातून वाचत होती तेव्हा कळले, असे सांगतात. आमच्या धंद्यातला माणूस, दिवसभर सरकारी बिले तपासणारा. मला त्यांच्याविषयी फार जवळीक वाटते. ती मूळची तेलुगू आहे हे सांगितल्यावर नात म्हणाली, "मग आपण म्हणतो ते भाषांतर?" मी म्हणालो, हो. तिने पुन्हा एकदा ती वाचली, या वेळी जरा हळू.

मुलगा इतिहासाकडे वळला नाही. संगणकाच्या क्षेत्रात गेला, बरा कमावतो, पुस्तके वाचत नाही. त्या सरांनी त्याला काही दिले की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तीन वर्षांनी माझी बदली झाली आणि कलकत्ता सुटले. माशीमा आता नाहीत. तो पुढच्या बाकावरचा मुलगा मात्र आहे. तो बेंगळुरूला असतो, त्याला दोन मुली. दरवर्षी दसऱ्याला, त्यांच्या विजयादशमीला, त्याचा फोन येतो.

गेल्या दसऱ्याला मुलगा आपट्याची पाने आणायला खाली गेला होता. फोन वाजला तो नातीने उचलला. पलीकडचे ऐकून ती गोंधळली आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "आबा, कुणीतरी विचारतंय, बर्गी आहे का घरात?"

"आहे म्हणावं," मी म्हणालो, "खाली गेलाय. येईलच."